काचेचा मनोरा मागे कोण नेतं?

३ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

इकडे सगळे सुखरूप आहेत. टीव्हीतलं जग तेवढं रोज संध्याकाळी बुडतं आणि आमचा चहा होईपर्यंत वाचतंही.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू सगळ्याला 'हो ताई, हो ताई' म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. कागदावर 'हो ताई' लिहून पाकीट चिकटवायला तुलाही लाज वाटेल, अशी आशा आहे.

तर विषय सिनेमाचा. आमच्या नव्या टीव्हीबरोबर ते सिनेमांचं खातं वर्षभर फुकट मिळालं, आणि तू गोड आवाजात म्हणालीस, "ताई, आम्हालाही द्या ना." मी दिलं. एका खात्यात दोन घरं भागत असतील तर दुसरं कशाला, हा माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. पण आता झालंय काय, की आम्ही संध्याकाळी सिनेमा जिथे थांबवतो तिथे तो दुसऱ्या दिवशी सापडतच नाही. परवा तो पंखवाला आकाशातून खाली कोसळत होता. त्याला कोसळता ठेवून आम्ही जेवायला उठलो. काल लावलं तर त्याचं लग्न झालेलं. मधे काय घडलं हे तुमच्या घराला माहीत, आमच्या नाही. ह्यांनी मला विचारलं, "ही कोण बाई?" मी म्हटलं, "मला काय विचारता, धाकटीला विचारा, तिने लावून दिलं असेल."

मी बघत नाही हो. ह्यांना दिवसभर दुकानात काच कापायची आणि संध्याकाळी पडद्यावर ती फुटताना बघायची, असा छंद लागलाय. मी समोर बसून भाजी निवडते, जप करते. नजर जाते, एवढंच. आणि गेलेल्या नजरेला जे दिसतं त्यावरून सांगते, ह्या उडणाऱ्या मंडळींपैकी एकालाही घर नाही. आई लहानपणीच गेलेली, बाप खलनायक, सासू तर औषधालाही नाही. इतकी मोकळीक असती तर मीसुद्धा उडाले असते.

आणखी एक. रोज लावावं तर पडद्याखाली ही ढब्बू अक्षरं! एखाद्या पाटीवर लिहावीत तशी. अर्धा राक्षस त्या अक्षरांमागे जातो. हे काढतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तुमच्याकडे कोणाला चष्मा लागलाय का?

आई कशा आहेत? सासूबाईंना सांभाळायची तुझी पाळी सुरू होऊन बरेच दिवस झाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे आवाज ऐकून कान गेले बिचारीचे, त्यामुळे फोनवर बोलता येत नाही. कानाचं यंत्र लावतात का ते कळव. माझा नमस्कार सांग, आणि मोठ्याने सांग.

तुझी,
ताई

---

११ मार्च

ती. ताईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. टपालवाल्याने ते हातात देताना 'कोर्टाचं नाही ना?' असं विचारलं. हल्ली घरी पत्र फक्त तिथूनच येतं म्हणे.

सिनेमाचं सांगते. आमच्या छोटीचा उद्योग असणार तो. वयच तसलं आहे, कॉलेजातून आली की टीव्ही. अक्षरंही तिचीच. आजकालच्या मुलींना म्हणे आवाज कमी ठेवून वाचत बघायची सवय असते. मी तिला समज देते. पण ताई, भाजी निवडणाऱ्या बाईला पंखवाल्याचं लग्न कोणाशी झालं याची एवढी काळजी का असावी, ते मला समजलं नाही. गवार निवडत होतात की मेथी? मेथी असेल तर समजू शकते, वेळ लागतो.

हे औषधांच्या फिरतीवर आहेत. डॉक्टरांच्या दारात बसून बसून त्यांना स्वतःलाच गोळ्या लागतील असं दिसतंय. मी दातांच्या दवाखान्यात सकाळी जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर लोकांना 'जरा बसा, बोलावतील' म्हणायचं. तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायचा कंटाळा येतो, कारण ते उत्तर देऊ शकत नाहीत. तुमचं फोनवर माझ्याबद्दल हेच म्हणणं असतं, नाही का?

आई छान आहेत. अगदी रमल्यात. बागेजवळ ज्येष्ठांचं मंडळ आहे, सकाळी तिकडे जातात, दिवसभर तिथेच. पोथी वाचतात, चार बायका भेटतात. टीव्हीचं म्हणाल तर रिमोट हातात धरला तरी त्यांना कुठलं बटण कशाचं कळत नाही. यंत्र लावतात कधीकधी. शिट्टी मारतं ते.

दादांना नमस्कार.

तुमची,
धाकटी

---

२४ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

मेथी होती.

आता छोटीला माझा निरोप दे की काकूने हात टेकले. गेल्या आठवड्यात ह्यांनी नवा सिनेमा लावला, काचेच्या मनोऱ्याचा. तुला माहीत असेलच, तुमच्या घरीही तोच चालू आहे. एका म्हाताऱ्या चेटकिणीला काचेच्या मनोऱ्यात कोंडलेलं असतं. गुन्हा काय, तर तिला पुढचं दिसतं. (घरात एखादीला पुढचं दिसायला लागलं की तिचं असंच करतात, त्यात जादू काही नाही.) मग एक निळ्या झग्यातला तरुण तिला सोडवायला निघतो. निघतो म्हणजे काय, आधी तीन देश पाडतो, एक नदी उलटी वाहवतो, वाटेत एका मुलीवर प्रेम करतो. म्हातारी वर बसून वाट बघतेय. आमच्या ह्यांचं एकच म्हणणं, "एवढी जाड काच अशी फुटत नाही. हिचा चुरा व्हायला पाहिजे." जादूगार, अजगर, बोलणारा दगड, सगळं पटलं. काच पटली नाही.

पण मला तक्रार वेगळीच करायची आहे. आम्ही सिनेमा पुढे नेला की दुसऱ्या दिवशी तो मागे आलेला असतो. आणि नेमका एकाच जागी. म्हातारी काचेला तळहात लावते आणि समोरच्या अंधाऱ्या बुरुजाकडे बघत थांबते, तिथे. आम्ही पुढे, तुम्ही मागे. पुन्हा आम्ही पुढे, तुम्ही मागे. तो निळा झगा बिचारा आठवडाभर नदीच ओलांडतोय. छोटीला त्या म्हातारीत काय एवढं दिसलं? तिच्या वयाला तो तरुण बघायचा असतो.

हे म्हणाले, "असू दे, तिलाही बघू दे." हे आयुष्यभर 'असू दे' वर जगले. काचेला तडा गेला तरी असू दे.

आईंना मंडळात नेणं-आणणं कोण करतं? तू तर दिवसभर दवाखान्यात. बागेचा रस्ता ओलांडायचा तर गाड्यांचे भोंगे त्यांना ऐकू येत नाहीत. ह्याचं उत्तर नक्की लिही.

तुझी,
ताई

---

२ एप्रिल

ती. ताईंना सा. नमस्कार.

छोटीची अकारण बदनामी नको म्हणून आधी खुलासा करते. ती परीक्षेच्या अभ्यासासाठी फेब्रुवारीपासूनच वसतिगृहात राहायला गेलीय. त्यामुळे तिला समज द्यायची राहिली. टीव्हीच बिघडला असणार. जुना झाला, आपोआप मागे-पुढे होतो. आमच्याकडे लिफ्टसुद्धा असंच करते.

आणि ताई, एक गंमत. तुम्ही 'खातं' 'खातं' म्हणता ना, त्या एका खात्यात प्रत्येकाचा वेगळा कप्पा करता येतो. गोल चेहऱ्याचं चित्र येतं बघा, तसे पाचेक चेहरे करता येतात. वेगळा कप्पा केला की ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या जागी थांबतो. पैसे पडत नाहीत. तुम्हाला वाटलं असेल चेहऱ्यागणिक पैसे, म्हणून दोन घरं मिळून एकच चेहरा वापरत बसलात. दवाखान्यात मी हे सांगितलं तर डॉक्टर हसता हसता रुग्णाचा भलताच दात धरणार होते.

या रविवारी मला सुट्टी आहे, तेव्हा आमचा कप्पा वेगळा करून टाकते. म्हणजे तुमचा निळा झगा नदी ओलांडायला मोकळा.

आईंना मंडळाची गाडी न्यायला येते. काळजी नसावी.

तुमची,
धाकटी

---

६ एप्रिल

धाकटे,

कप्पा वेगळा करू नकोस. केला असशील तर मोडून टाक. पत्र जलद टपालाने पाठवतेय यावरून समज. माझ्या हातून जलद टपाल लग्नानंतर पहिल्यांदाच होतंय.

तुझं पत्र मी देवापुढे बसून दोनदा वाचलं. छोटी वसतिगृहात. भाऊजी फिरतीवर. तू दवाखान्यात. आई मंडळात, गाडीने. मग तुझ्या घरी भर दुपारी सिनेमा बघतं कोण? टीव्ही बिघडला म्हणतेस. बिघडलेला टीव्ही रोज न चुकता म्हातारीपाशीच येऊन थांबतो? आणि खाली ढब्बू अक्षरंही स्वतःच लावून घेतो? त्याला कमी ऐकू येतं वाटतं.

तुझं पत्र यायच्या आधीच मला शंका आली होती. ह्यांना म्हटलं, "आज मी थांबवते." सिनेमात पुढे एक जागा आहे, समोरच्या अंधाऱ्या बुरुजात कोणीतरी दिवा लावतं. म्हातारीला कळावं, की कोणीतरी आहे. मी सिनेमा तिथे थांबवून ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला तर तो तिथेच. मागे नाही, पुढे नाही. जप करताना माळ थांबावी तसा थांबलेला. मी पुन्हा तसाच ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो एवढासाच पुढे सरकलेला होता. म्हातारी दोन्ही हात काचेवर ठेवून मान हलवते, तिथे.

मी भाजीचं ताट खाली ठेवलं. हे म्हणाले, "आई आहे ती." एवढंच. हे आयुष्यात एवढं नेमकं वाक्य क्वचितच बोलले असतील.

तुला आठवत नसेल, आई सांगायच्या. एक्स्चेंजमध्ये लाइन जोडली की लगेच सोडून जायचं नाही, पलीकडून 'हॅलो' आल्याची खात्री करायची, मगच हात काढायचा. ज्या बाईने जन्मभर ते केलं तिला रिमोटचं बटण कळत नाही म्हणतेस? तिच्यापुढे भिंतभर बटणं असायची!

मंडळ कुठलं, गाडी कुठली ते मी विचारत नाही. एकच विचारते. तू सकाळी जाताना दाराला बाहेरून कुलूप असतं का?

आम्ही दोघं येत्या शनिवारी येतोय. दुकान बंद ठेवून. त्यावरून बाकीचं समज.

ताई

---

८ एप्रिल

ताई,

हो. असतं.

तुम्हीही जलद टपाल, मीही जलद टपाल. आता होऊनच जाऊ दे.

मंडळ आहे, पण तिथे गाडी नाही, आणि आईंनी एकदाच जाऊन सांगितलं की तिथल्या बायका नुसत्या ओठ हलवतात. घरी राहिल्या तर एकदा दूध उतू जाऊन गॅस तसाच चालू. शेजारी दार ठोकून ठोकून थकले, आईंना ऐकू कुठून येणार? दुसऱ्यांदा चालत निघाल्या त्या थेट त्यांच्या जुन्या एक्स्चेंजपाशी. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पोरांनी खुर्ची दिली म्हणून बरं. मी दवाखाना सोडून शोधत फिरले, तो दिवस माझा मी जाणते. तुमच्या दिराला फोन केला तर ते दुसऱ्या गावी कुठल्याशा डॉक्टरच्या दाराशी बसलेले. "बघ ना काहीतरी," म्हणाले. मी बघितलं. कुलूप आणलं.

डबा ठेवते, पाणी ठेवते, गॅस खालून बंद करते, टीव्ही लावून देते. उडणारी माणसं लावते, कारण त्यात बोलणं कमी आणि हाणामारी जास्त, कान नसले तरी चालतं. संध्याकाळी दार उघडण्याआधी आत टीव्हीचा आवाज येतोय ना, ते रोज दाराला कान लावून ऐकते. ह्याला तुम्ही कोंडणं म्हणा. मी नोकरी म्हणते.

खोटं लिहिलं, ते कबूल. पण तुम्हाला खरं लिहून काय झालं असतं? 'तुझी पाळी आहे, तू बघ' असंच आलं असतं ना उत्तर? तुमच्याच सिनेमात आहे बघा, ज्याला काच फोडायची असते तो उडत येतो, फोडतो, टाळ्या घेतो आणि उडून जातो. खालच्या काचा कोण भरतं ते कधी दाखवत नाहीत. ते मी दवाखान्यातून आल्यावर भरते.

या शनिवारी. घेऊन जा त्यांना. तुमच्याकडे कुलूप नसेल.

धाकटी

---

२७ एप्रिल

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

त्या शनिवारी तुझ्याकडे जे बोलणं झालं ते झालं. शेजारच्या बाईंनी भिंतीला कान लावला होता, त्यांचा दिवस तरी सार्थकी लागला. तुझा चहा चांगला होता, हे त्या गडबडीत सांगायचं राहिलं.

आई इथे मजेत आहेत. त्यांना वर आणायला आमचे तीन मजले मात्र फार लागले. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवावी लागली. वर आल्यावर म्हणाल्या, "आता खाली कधी?" मी म्हटलं, "आता कशाला खाली? सगळं वरच मिळेल." पडल्या-बिडल्या तर काय घ्या. ह्यांनी पुन्हा 'असू दे' म्हटलं, पण कोणाला म्हटलं ते कळलं नाही.

तुला म्हणून सांगते, माणूस सांभाळायला शिस्त लागते. सकाळी मी त्यांना पोथी वाचायला बसवते, दुपारी त्या आडव्या होतात. टीव्ही मी दुपारी लावत नाही, उगीच वीज कशाला? संध्याकाळी हे आले की आम्ही तिघं बसतो. ढब्बू अक्षरं लावतो. काचेचा मनोरा एकदाचा संपला. म्हातारी सुटली, निळा झगा राजा झाला आणि म्हातारीचं पुढे काय झालं ते कोणी दाखवलंच नाही. आईंनी विचारलं, "ही आता राहणार कुठे?" मी म्हटलं, "सिनेमा संपला, आई." तर म्हणाल्या, "सिनेमा त्याचा संपला. हिचा कुठे?"

मी प्रार्थनेला जाते तेवढा वेळच त्या एकट्या असतात. तेव्हा बाहेरून नुसती कडी घालते. कडी म्हणजे कुलूप नव्हे, हे तुला वेगळं सांगायला नको. जिन्यावर कठडा तुटका आहे म्हणून.

तूही ये एकदा. बघ, कसं सांभाळतात ते.

तुझी,
ताई

---

३ मे

ती. ताईंना सा. नमस्कार.

तुमचं शिस्तीवरचं पत्र मी दवाखान्यात डॉक्टरांनाही वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ह्या ताई दात काढायला कधी येतात?"

कडी आणि कुलूप यांतला फरक समजला. कडी स्वस्त पडते.

मी माझ्या दाराचं कुलूप काढून टाकलं. आता आत कोणीच नसतं, तरी संध्याकाळी दार उघडण्याआधी कान लावतेच. आता काय ऐकायचं असतं, ते कळत नाही.

तुमची,
धाकटी

---

१९ मे

थोरलीस आणि धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तोच. एक नक्कल थोरलीला, एक धाकटीला. 'तिला आधी कळलं' असं म्हणायची सोय कोणाला राहू नये म्हणून.

तुम्ही दोघींनी माझ्यावरून एकमेकींना लिहिलेली पत्रं मी वाचली. धाकटीची थोरलीच्या कपाटात पोथीखाली होती, थोरलीची मला मुलाने आणून दिली. धाकट्याने. फिरतीवर जाताना. त्याने तुझ्या टेबलाच्या खणातून घेतली, धाकटे, म्हणून खण उपसत बसू नकोस. तुम्ही दोघी छान लिहिता. असं तोंडावर बोलला असतात तर माझं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं असतं.

थोरले, तू मला सोडवायला आलीस. तुझा निळा झगा मी पाहिला. पण काचेला हात लावून मी सुटका मागत होते असं तुला कोणी सांगितलं? दुपारी सिनेमा बघता बघता मला दिसलं की रोज कोणीतरी तो पुढे नेतं. म्हणजे लाइनीवर पलीकडे कोणीतरी होतं. आमच्या कामात अशा वेळी एकच करायचं असतं, विचारायचं. मी विचारलं. तू दिवा लावलास. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. तेवढंच पुरे होतं ग. तू लगेच दुकान बंद ठेवून आलीस!

धाकटीकडे कुलूप दाराला होतं, थोरलीकडे जिनाच कुलूप होता. शिवाय दाराला कडी. धाकटीने निदान डब्यात लोणचं घातलं होतं आणि टीव्ही लावून दिला होता. थोरलीने पोथी दिली. मी ती पोथी तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून पाठ म्हणते, वाचायची कशाला? तुम्ही दोघी वाईट नाही. तुम्हाला फक्त मला कुठेतरी ठेवायचं होतं. एखादी वस्तू जड असली की माणूस ती कोणाच्या खोलीत ठेवायची यावर भांडतो. वस्तूला विचारत नाही.

म्हणून मी कोणालाच विचारलं नाही. गेल्या मंगळवारी थोरली प्रार्थनेला गेली, कडी घालून. मोठा दुपारी जेवायला म्हणून आला, त्याने कडी काढली. मी पिशवी घेऊन उभीच होते. त्याने माझी पिशवी घेतली, खांदा पुढे केला आणि मला एकेक पायरी खाली नेलं. तुटक्या कठड्यापाशी तो बाहेरच्या बाजूने चालला. खाली रिक्षा थांबवताना एवढंच म्हणाला, "आई, पोचलीस की कळव." थोरले, त्याला रागावू नकोस. उडता न येणारा मुलगा आहे तो, पण खाली उतरवता येतं त्याला.

मी आता सात नंबरकडे राहते. एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची ती. आम्ही एकमेकींना नंबरानेच ओळखायचो, मी चार. धाकटे, मी चालत निघाले होते आणि तू मला शोधत फिरलीस, त्या दिवशी मोबाइलच्या दुकानातल्या पोरांनी मला तिचा पत्ता दिला होता. तीही अशीच एकदा तिथे येऊन बसली होती म्हणे. तिची खोली तळमजल्यावर आहे, पुढे दोन पायऱ्या, कठडा धड. सकाळ-संध्याकाळ भाची येऊन स्वयंपाक करून जाते. गॅसला हात लावायचा नाही असा दोघींचा करार आहे.

तिची दृष्टी गेली आहे. उजेड तेवढा कळतो. कान मात्र अजून तिखट आहेत. माझं उलट. पण तिचं बोलणं मला ऐकू येतं, कारण ती अजून एक्स्चेंजमध्ये बोलायची तसंच बोलते, एकेक अक्षर तोडून, सावकाश, कानाशी. तुम्ही सगळे माझ्याशी ओरडता. ओरडल्याने आवाज मोठा होतो, शब्द नाही.

दुपारी आम्ही सिनेमा लावतो. भाचीच्या खात्यावर. मी तिला चित्र सांगते. "आता अजगर आला. आता तो बाप्या छतावर चढला, अंगात जांभळं घातलंय, काही शोभत नाही." ती मला बाकीचं सांगते. काल दोघंजण हसत खेळत जेवत होते, मला सगळं छान दिसत होतं, आणि तिने माझा हात दाबला. "चार," म्हणाली, "मागे सारंगी सुरू झाली. ह्यांच्यातलं कोणीतरी आता जाणार." आणि गेलं! इतकी वर्षं मी हे सिनेमे आंधळ्यासारखे बघत होते, ते मला तिच्याकडे येऊन कळलं.

तुम्ही मला न्यायला येऊ नका. भेटायला या. दोघी या, पण एकत्र या, वाटेतच काय ते भांडून घ्या. इथे दाराला आतून कडी असते. बेल वाजवा. तिला ऐकू येईल, ती मला सांगेल, मी येऊन उघडेन.

तुमची,
आई